दुधाचा दगड आणि बेचाळीस दात

पूर्व नेपाळच्या डोंगरांत आणि सिक्कीम-दार्जिलिंगच्या बाजारांत दुकानांच्या दारावर पिवळट-तपकिरी तुकड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. हातात घ्यावा तर तुकडा लाकडाचा वाटतो, फरशीवर पडला तर खणकन वाजतो. ही छुर्पी. तिच्यात दुधाखेरीज जवळजवळ काहीच नसतं. डोंगरातली माणसं चढाला लागताना एक तुकडा गालात सरकवतात आणि तो त्यांना तास-दोन तास सहज पुरतो. सुरुवातीला तो दातांना दादच देत नाही. मग लाळेने कडा मऊ पडतात आणि धुरकट, किंचित आंबूस, दुधाळ चव हळूहळू सुटू लागते.

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही नेपाळी तरुणांनी हीच कडक छुर्पी कुत्र्यांना चघळायला म्हणून विकायला काढली. कुत्र्यांनी ती अशी उचलून धरली की याकच्या मादीचं आणि याक-गाय संकरातून जन्मलेल्या चौरीचं दूध पिढ्यान्‌पिढ्या आटवणाऱ्या डोंगरी घरांना सातासमुद्रापलीकडचं गिऱ्हाईक मिळालं. आता पुण्या-मुंबईतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही ‘याक च्यू’ नावाने ती कांडी मिळते. चांगलीच महाग मिळते.

पण ती घरी करता येते. साय काढलेलं दूध, लिंबू, एक स्वच्छ पंचा, एखादा जड पाटा आणि कोरडी हवा एवढ्यावर भागतं. करायला घेतली की लक्षात येतं, हा सगळा पाण्याचा हिशेब आहे. गाईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणी असतं. ते टप्प्याटप्प्याने घालवलं की दूध दगड होतं. आणि कुत्रा चघळतो तेव्हा तेच पाणी तो आपल्या लाळेतून थेंबाथेंबाने परत देत असतो. करणाऱ्याने घालवलेलं पाणी आणि खाणाऱ्याने परत दिलेलं पाणी, यांच्या मधल्या जागेत केवढं विज्ञान मावलेलं आहे ते पाहून मी थक्क होतो.

दूध फाटतं तेव्हा

दूध पांढरं दिसतं ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे: स्निग्धांशाचे थेंब आणि केसीन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे. साय काढून टाकली तरी दूध पांढरंच राहतं, कारण केसीनचे गोळे मागे उरलेले असतात. एकेका गोळ्यात केसीनचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात. गोळ्याचा व्यास सरासरी दीडशे नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत असे पाचशे गोळे ओळीने उभे राहतील. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर बारीक तंतूंची लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे अब्जावधी गोळे पाण्यात तरंगत राहतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. दूध ‘दूध’ राहतं ते या दूर ढकलण्यामुळे.

लिंबू पिळलं की हा समतोल मोडतो. ताज्या दुधाचा सामू साधारण 6.7 असतो. आम्ल मिसळलं की तो खाली येतो, गोळ्यांवरचा भार नाहीसा होत जातो, आतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळू लागतं, आणि इतका वेळ अंतर राखून असलेले गोळे एकमेकांना भिडतात. थंड दुधात केसीन पूर्णपणे बाहेर पडायला सामू 4.6 पर्यंत उतरावा लागतो, पण उकळीला आलेलं दूध साडेपाचच्या आसपासच फाटतं. उष्णतेचा आणखी एक फायदा होतो. दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी पाण्याबरोबर वाहून गेली असती, ती उष्णतेने उलगडतात आणि केसीनला चिकटतात. म्हणून गरम दूध फाडलं की ऐवज जास्त हाती लागतो.

हा क्षण पातेल्यावर वाकून बघण्यासारखा असतो. गॅस बारीक करावा, लिंबाचा रस थोडा थोडा घालावा आणि चमचा अगदी सावकाश फिरवावा. पहिल्या चमच्याला काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला कडेने बारीक रवा दिसू लागतो. मग एका क्षणी सगळं पातेलंच पालटतं: पांढरे ढग एकीकडे, खाली स्वच्छ पाणी. तिथे हात थांबवावा. ते पाणी नीट पाहिलं तर किंचित हिरवट-पिवळं दिसतं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा. तो दुधात पहिल्यापासून होता, पांढऱ्याआड लपलेला होता.

लिटरमागे दोन मोठे चमचे रस बहुधा पुरतो. मीठ घालायचं नाही. बाजारातल्या कांड्यांत ते थोडं असतं, पण कुत्र्याला त्याची गरज नाही.

पाट्याखाली

फाटलेलं दूध पंच्यात ओतलं की निवळी खाली गळते आणि तिच्याबरोबर एक महत्त्वाची गोष्ट निघून जाते. ती म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. पिल्लू आईचं दूध पितं तेव्हा त्याच्या आतड्यात लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे विकर भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. म्हणून पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना वाटीभर दूध पाजलं की पोट बिघडतं. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असल्यामुळे बहुतेक सगळं निवळीत जातं. उरलेला गोळा पंच्यातच दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून घेतला की लिंबाचा आंबटपणाही जातो आणि साखरही आणखी उतरते. ज्या कुत्र्याला दूध सोसत नाही, त्यालाही ही दुधाची कांडी बहुधा सोसते ती यामुळे. निवळी त्याच्या भांड्यात मात्र ओतू नये. ती आपल्या पोळ्यांच्या कणकेत घालावी, पोळ्या मऊ होतात.

साय काढलेलंच दूध का? स्निग्धांशाचे थेंब केसीनच्या जाळ्यात मध्ये मध्ये येऊन बसतात आणि जाळं घट्ट विणलं जाऊ देत नाहीत. मलईच्या दुधाचं पनीर लुसलुशीत होतं ते याच कारणाने. आपल्याला हवा आहे चिवटपणा. शिवाय महिनोन्‌महिने हवेत राहणाऱ्या वस्तूत स्निग्धांश असला की तो खवट होतो. हिमालयातल्या घरांनी हे केव्हाच ओळखलं होतं. आधी दुधातून लोणी काढून घ्यायचं, मग उरलेल्या दुधाची किंवा ताकाची छुर्पी करायची. लोणी वेगळं, प्रथिन वेगळं, वाया काहीच नाही. आपल्याकडे म्हशीच्या दुधाची साय विरजून लोणी-तूप करणाऱ्या घरांत हा पहिला टप्पा रोजच होतो. फक्त साय एकदाच न काढता दोनदा दूध तापवून, थंड करून काढली तर अधिक बरं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, पण प्रथिनंही गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात, त्यामुळे साय नीट काढली तर म्हशीचं दूध छुर्पीला उत्तम.

आता पंच्याची घट्ट गाठ मारायची, गोळा ताटलीत चपटा करायचा आणि वर पाटा ठेवायचा. पाट्यावर पाण्याने भरलेली कळशीही ठेवता येते. थंड जागी दिवसभर दाबला की चार लिटर दुधातून साधारण साडेचारशे-पाचशे ग्रॅमची वडी निघते. ती सुरीने अंगठ्याएवढ्या रुंद कांड्यांत कापायची. याच कांड्या पूर्ण वाळल्यावर वजन भरतं जेमतेम दीडशे ग्रॅम. चार लिटर दूध, दीडशे ग्रॅम कांडी. बाजारातल्या किमतीचं मर्म इथे उलगडतं.

वाळवणाचं गणित

वैशाखात गच्चीवर कुरडया आणि सांडगे घालणाऱ्या बायकांना वाळवणाचे नियम कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. जाड घालू नये, पहिल्या दिवशी कडक ऊन लागावं, दव पडायच्या आत उचलावं, पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरू नये. छुर्पीलाही हेच नियम लागू पडतात आणि प्रत्येकामागे नेमकं कारण आहे.

पहिला नियम जाडीचा. कांडीच्या आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत झिरपत येतं आणि मगच उडून जातं. या झिरपण्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट होतो. बोटाएवढी कांडी आठवड्यात वाळत असेल, तर दोन बोटं जाडीची कांडी महिना घेईल, आणि तेवढ्या दिवसांत आतल्या ओलीत बुरशीला पुरेसा वेळ मिळेल. पहिल्यांदा करताना बारीक कांड्याच कराव्यात.

दुसरा नियम घाईचा. कडक वाळावी म्हणून कांडी एकदम दीडशे अंशांच्या ओव्हनमध्ये टाकली तर बाहेरचा थर झटकन सुकून घट्ट होतो आणि आतल्या पाण्याची वाटच बंद करतो. बाहेरून खणखणीत, आतून ओली अशी कांडी तयार होते आणि दोन आठवड्यांनी ती फोडली तर आत हिरवी निघते. म्हणून ओव्हन साठ-सत्तर अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून काही तास, आणि पुढचे दिवस बारीक जाळीखाली पंख्याच्या वाऱ्यावर. विदर्भ-मराठवाड्यातलं एप्रिल-मेचं ऊन मिळत असेल तर ओव्हनचीही गरज नाही, माश्या बसू नयेत म्हणून वर पातळ सुती कापड तेवढं हवं. हिमालयात उन्हाचं काम चूल करते. चुलीवर टांगलेल्या कांड्यांना मंद ऊब मिळते, आणि धुरातली फिनॉलसारखी द्रव्यं पृष्ठभागावर बसून जंतूंना अटकाव करतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. पदार्थ टिकतो की नासतो हे त्यात एकूण पाणी किती आहे यावर ठरत नाही. त्यातलं मोकळं पाणी किती, म्हणजे जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, यावर ठरतं. शास्त्रज्ञ ते शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. बहुतेक जिवाणूंना 0.9 च्या वरचं पाणी लागतं, बऱ्याच बुरश्या 0.8 च्या आसपासही तग धरतात, आणि 0.6 च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. प्रथिनं पाण्याचे रेणू धरून ठेवतात, त्यामुळे वाळलेल्या छुर्पीत दहा-पंधरा टक्के पाणी असूनही ते जंतूंच्या हाती लागत नाही.

हा आकडा हवेशी बांधलेला असतो. उघड्यावर ठेवलेला पदार्थ हळूहळू भोवतालच्या हवेच्या ओलाव्याशी जुळवून घेतो. आषाढात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की उघड्यावरच्या कांडीतलं मोकळं पाणीही 0.8 कडे सरकतं आणि चार दिवसांत पांढरी लव धरते. लडाख-मुस्तांगच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू कोकणात श्रावणापर्यंतही टिकत नाही, यात करणाऱ्याचा काही दोष नसतो. आपण कांड्या उन्हाळ्यात कराव्यात, घट्ट झाकणाच्या बरणीत भराव्यात आणि पावसाळ्यात बरणी सरळ फ्रीजरमध्ये ठेवावी. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी कांडी टाकून द्यावी. तेवढाच भाग खरवडून देऊ नये, काही बुरश्यांची विषं कुत्र्यांना झटके आणतात.

वाळताना रंगही बदलतो. पांढरी कांडी आधी हस्तिदंती, मग मधाळ, मग तपकिरी होते. धुऊनही मागे राहिलेलं थोडं लॅक्टोज आणि प्रथिनातलं लायसिन यांच्यात जी अभिक्रिया होते ती लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये वर्णन केली. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आटवलेल्या दुधाचा रंग, सगळीकडे तीच अभिक्रिया. तिच्यातून निघणारे सुगंधी रेणू आपल्यालाही खुणावतात, मग कुत्र्याच्या नाकाची काय कथा!

पाणी अगदी थोडं उरलं की शेवटची पायरी येते. केसीनच्या लांबलचक साखळ्या एकमेकींवरून सरकायच्या थांबतात आणि जागच्या जागी गोठतात. पदार्थविज्ञानात या अवस्थेला काचेची अवस्था म्हणतात. खिडकीच्या काचेत अणू ज्या अव्यवस्थेत थिजलेले असतात, तसेच इथे प्रथिनाचे रेणू थिजतात. याच गुणामुळे 1890 च्या दशकात जर्मनीत केसीनवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून गॅलालिथ नावाचं प्लॅस्टिक तयार केलं गेलं. त्याच्या गुंड्या, कंगवे आणि पेनं पुढे कित्येक वर्षं जगभर वापरात होती. आपल्या कांडीत फॉर्मल्डिहाइड नसतं, त्यामुळे एक मोठा फरक पडतो: गॅलालिथ पाण्यात कडकच राहतं, छुर्पी पाणी मिळालं की नरमते. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या पुन्हा सरकू लागतात, आणि काच पुन्हा चिवट होते. चघळणं शक्य होतं ते केवळ या एका फरकामुळे.

बेचाळीस दात

मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, वर 20 आणि खाली 22. आपल्यापेक्षा दहा जास्त. पण त्याच्या जबड्याची बिजागरी आपल्यासारखी आडवी फिरत नाही, जवळजवळ वर-खालीच होते. गाय रवंथ करते तसं दळणं त्याला जमत नाही. त्याच्याकडे त्याऐवजी कात्री आहे. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींना घासून जातात आणि मधलं मांस कापतात.

कांडी मिळालेल्या कुत्र्याजवळ थोडा वेळ बसून बघा. आधी तो ती तोंडात धरून सतरंजीच्या कोपऱ्यावर किंवा पलंगाखाली घेऊन जातो. पोटावर बसतो, पुढचे दोन्ही पंजे कांडीभोवती असे रोवतो की ती पकडीत धरल्यागत उभी राहते. मग मान एका कुशीला कलते, डोळे अर्धे मिटतात, आणि कांडीचं टोक तोंडाच्या मागच्या कोपऱ्यात, नेमकं त्या कात्रीच्या दातांवर जातं. समोरचे दात आणि सुळे तो वापरतच नाही. दोन-चार मिनिटांनी मान दुसऱ्या बाजूला कलते. टोक ओलं होऊन पांढरं पडतं, त्यावर दातांच्या उभ्या रेषा उमटतात आणि एकेक पापुद्रा सुटू लागतो. या घासण्याने दातांवरचा मऊ थर निघतो. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण त्यांच्यावर कीटण लवकर चढतं. मऊ थर चार-दोन दिवसांतच कठीण होऊन बसतो. चघळण्याने त्याला आळा बसतो. ब्रश करणं मात्र त्यामुळे टळत नाही.

या कात्रीच्या दातांचं एक दुखणंही आहे. कुत्र्याच्या दातावरचं एनॅमल मिलिमीटरहूनही पातळ असतं. आपल्या दाढांवर ते अडीच मिलिमीटरपर्यंत असू शकतं. फार कडक वस्तूवर जोर लावला की वरच्या चौथ्या उपदाढेचा बाहेरचा पापुद्रा तुटून निघतो. पशुदंतवैद्यांकडे येणाऱ्या तुटलेल्या दातांत हा दात नेहमीचा. म्हणून ते एक सोपी कसोटी सांगतात: कांडीवर अंगठ्याचं नख जोरात रोवा. नखाची खूण उमटली तर द्या, नाही उमटली तर देऊ नका.

बाजारातली पूर्ण वाळलेली छुर्पी या कसोटीला बऱ्याचदा उतरत नाही. घरी करण्याचा खरा फायदा इथे आहे. पाणी किती ठेवायचं हे आपल्या हातात असतं. दगड व्हायच्या बऱ्याच आधी, नख रुतेल एवढी चिवट असताना वाळवणं थांबवायचं आणि कांड्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. त्या टिकवायचं काम आता थंडी करते, त्यामुळे कोरडेपणावर तेवढी भिस्त राहत नाही. देण्याआधी कांडी बाहेर काढून नरमू द्यावी, कारण गोठलेली कांडीही दाताला कडकच. ज्या डोंगरात फ्रीज नव्हते तिथे दगडाइतकी वाळवण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याकडे इलाज आहे, तो वापरावा.

साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून नवे येत असतात. तेव्हा हिरड्या सळसळतात आणि चपला, टेबलाचे पाय, जे मिळेल ते तोंडात जातं. त्या वयात कडक छुर्पी नको. थंड केलेलं जाडसर गाजर किंवा ओल्या रुमालाची गाठ पुरे.

रताळ्याची गोडी

दुधाचा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी रताळं आहे. सोलून, लांबट काप काढून, वाफवून वाळवलं की त्याच्या चामड्यासारख्या चिवट पट्ट्या होतात. वाफवताना त्यातली पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, वाळताना तेच साखळी-साखळीने घट्ट बसतात. आणि वाटेत आणखी एक गंमत घडते. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर असतं. साठ ते सत्तर अंशांच्या पट्ट्यात ते जोमाने काम करतं आणि पिष्ट फोडून माल्टोज ही साखर तयार करतं. रताळं झटपट उकळलं तर या विकराला फारसा वेळच मिळत नाही. सावकाश तापवलं तर मिळतो, आणि साखरेचा कणही न घालता पट्टी गोड होते.

कुत्र्याला ही गोडी कळते. मांजराला कळत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचा एक जनुक मांजरांच्या कुळात मोडून पडलेला आहे हे 2005 मध्ये दाखवलं गेलं. कुत्र्याचा तो जनुक शाबूत आहे. आणि पिष्ट पचवण्याच्या बाबतीत तर तो लांडग्याच्या पुष्कळ पुढे गेला आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दोघांच्या जनुकांची तुलना केली. स्वादुपिंडात अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्य पडू लागलं, आणि ते पचवू शकणारे कुत्रे टिकले. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा ज्वारीच्या भाकरीवर शेळ्या-मेंढ्या राखत आला, त्यामागे त्या वाढीव प्रतींचा हात आहे. माणसाची शेती कुत्र्याच्या पेशीत लिहिली गेली, हे वाचलं तेव्हा मला रताळ्याच्या त्या साध्या पट्टीविषयी नवा आदर वाटू लागला.

हाड का नको, चिकन कसं

घरचं म्हटलं की पहिल्यांदा मटणाचं हाड आठवतं, आणि नेमकं तेच टाळायला हवं. हाड म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंच्या जाळ्यात बसवलेली खनिजं. तंतू लवचीकपणा देतात, खनिजं कडकपणा. रस्सा तासभर उकळला की कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. रश्श्याला बोटांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्यानेच. हाडात मागे उरतात ती ठिसूळ खनिजं. असं हाड दाताखाली आलं की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. शिवाय रश्श्यात कांदा-लसूण असतो. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

चिकनच्या पट्ट्या वाळवायच्या असतील तर आधी पूर्ण शिजवून मगच वाळवाव्यात. आत 74 अंश तापमान यायला हवं. कारण असं: ओली पट्टी साठ-सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली तरी पाणी उडताना ती थंड होत राहते, आणि पट्टी गरम होईपर्यंत साल्मोनेलासारखे जिवाणू कोरडे पडून उष्णतेला जास्त चिवट झालेले असतात. 2019 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी वाळवलेल्या डुकराच्या कानांमधून साल्मोनेला पसरला आणि दीडशेच्या आसपास माणसं आजारी पडली. आजारी पडली ती माणसं, कारण कांडी हातात धरून आपणच देतो. कच्च्या मांसाचे, चामड्याचे पदार्थ हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि घरात लहान मूल असेल तर ते आणूच नयेत.

काही गोष्टी कुठल्याही कांडीत चालत नाहीत: मनुका आणि द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण, आणि झायलिटॉल ही पर्यायी साखर. खारवलेली सुकी मासळीही नको. बाजारातलं पीनट बटर लावायचं असेल तर त्यात झायलिटॉल नाही ना हे वेष्टनावर वाचावं.

प्रमाणही पाळायला हवं. चघळायचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, असं पशुवैद्य सांगतात. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम छुर्पीत साडेतीनशेच्या आसपास असतात. म्हणजे त्याच्या वाट्याला येते रोजची पंधरा-वीस ग्रॅम. कांडी चांगली असेल तर तेवढ्यातच त्याचा बराच वेळ आनंदात जातो. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

शेवटचा तुकडा

चघळून चघळून कांडी अंगठ्याएवढी उरली की ती काढून घ्यायची. एवढा तुकडा घशात अडकू शकतो. हिसकावून मात्र घेऊ नये, हातात दुसरं काही आवडीचं धरून बदल्यात घ्यावा, म्हणजे त्याला आपल्याजवळची वस्तू राखावी असं वाटत नाही. आणि या उरलेल्या तुकड्यात एक शेवटची करामत शिल्लक असते.

तो धुवून पाच मिनिटं पाण्यात भिजवा, मग मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-पाऊण मिनिट ठेवा. काचेआडून बघत राहा. काही सेकंद काहीच होत नाही, मग तुकडा अचानक फुगू लागतो आणि बघता बघता कित्येक पटींनी मोठा होतो. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. त्याच वेळी उष्णतेने केसीनच्या साखळ्या सैल होऊन ताणू लागलेल्या असतात. वाफ त्यांना ढकलते, त्या पडद्यांसारख्या पसरतात, आणि बाहेर निघाल्यावर थंड होताच पुन्हा काच होतात. पण आता ती पोकळ, जाळीदार काच असते. ज्वारीच्या लाह्या फुटतात त्याच नियमाने हे घडतं, फक्त पिष्टाच्या जागी प्रथिन असतं. आतली वाफ बराच वेळ तापलेली राहते, म्हणून पूर्ण गार झाल्यावर, मोडून, आतही गार झाल्याची खात्री करून मगच द्यावा. तासन्‌तास दातांना न जुमानलेला तो तुकडा आता दाताखाली कुरकुरत मोडतो.

पहिल्यांदा करून बघणाऱ्याने दोन लिटर दुधापासून सुरुवात करावी, कांड्या बारीक कापाव्यात, आणि वाळताना रोज एकीवर नख रोवून बघावं. पहिल्या दिवशी नख सहज रुततं, मग जोर लावावा लागतो, आणि एक दिवस असा येतो की जोर लावून जेमतेम खूण उमटते. तोच थांबायचा दिवस. आपल्या कुत्र्याचे दात, त्याचं वय, त्याची चघळायची ताकद कारखान्याला ठाऊक नसते. आपल्याला असते. त्या माहितीप्रमाणे दुधात नेमकं किती पाणी ठेवायचं हे ठरवणं, यापेक्षा जास्त कौशल्य या कामाला लागत नाही, आणि यापेक्षा कमी चालत नाही.